म्हातारीची जीभ, पुरुषाचं लुगडं



जुन्नरला व्याख्यान द्यायचं तर शिवनेरीवर बोलावं, नाणेघाटावर बोलावं, फार तर लेण्याद्रीच्या लेण्यांवर. मी मात्र मंत्रतंत्र जाणणाऱ्या म्हाताऱ्या बायकांवर बोलणार आहे, आणि त्यातही त्यांच्या विनोदी गोष्टींवर. इंग्रजीत टेरी प्रॅचेट नावाच्या लेखकाने १९८७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे २०१५ पर्यंत, अशा बायकांच्या कादंबऱ्या लिहिल्या. त्या जगभर वाचल्या जातात. त्यांतल्या मुख्य चेटकिणी रूपवान नाहीत, शापितही नाहीत. त्या फटकळ आहेत, हट्टी आहेत, गावातल्या प्रत्येकाची कुंडली त्यांना तोंडपाठ आहे. मराठीत या जातीच्या लेखनाची परंपरा का उभी राहिली नाही, असं विचारलं की ठरावीक उत्तर मिळतं: आपलं अद्भुत पुराणांत आणि संतांच्या चमत्कारांत खर्ची पडलं, आपला विनोद चाळीत आणि दिवाणखान्यात रमला, दोघांची गाठच पडली नाही. हे उत्तर मला पटत नाही. गाठ कधीच पडलेली आहे, आणि जुन्नर-आंबेगावच्या परिसरात तर ती ठळक दिसते. माझं म्हणणं असं आहे की म्हातारीची जादू आणि म्हातारीचा विनोद हे दोन्ही आपल्याकडे एकाच जागेतून येतात, तिच्या जिभेतून. ती जीभ गल्लीत चालली की आपण तिला करणी म्हणतो. फडावर चालली की हसून टाळ्या देतो, पण तिथे लुगड्याच्या आत पुरुष असावा लागतो. विनोदी अद्भुतकथेची नायिका होईल अशी म्हातारी आपल्याकडे होती. तिची जीभ आपण दुसऱ्याला देऊन टाकली.

पुरावा श्रावणापासून घेऊ. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी सर्वांना माहीत आहे. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा आहे. दवंडी पिटते, गावातलं घरोघरचं दूध देवळात येतं, लेकरं आणि वासरं उपाशी राहतात, आणि गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी घरचं आवरते, मुलाबाळांना देते, वासरांना पाजते, उरलेलं खुलभर दूध घेऊन येते, आणि गाभारा भरून जातो. ही कहाणी आपण भक्तीची म्हणून ऐकतो, म्हणून तिची घडण विनोदाची आहे हे लक्षात येत नाही. एका बाजूला दवंडी, हुकूम आणि सबंध गावाचं दूध, दुसऱ्या बाजूला एक खुलं: हा सामना ज्याने रचला त्याला राजाची फजिती करायची होती. त्याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. राजा पाळत ठेवतो, म्हातारीला पकडतो आणि कारण विचारतो. ती आधी अभय मागून घेते, आणि मग तुझ्या हुकुमाने काय झालं ते तोंडावर सुनावते. म्हणजे चमत्कार दुधाचा दिसतो, पण गोष्ट पूर्ण होते ती बोलण्याने. आणि अभय आधी मागून घेण्याची सावधगिरी पाहा. बोललं की काय होतं हे त्या म्हातारीला ठाऊक आहे.

दुसरी म्हातारी भोपळ्यातली. लेकीकडे निघालेली, वाटेत कोल्हा आणि वाघ भेटतात, दोघांनाही ती खायला हवी असते. मंत्र नाही, शस्त्र नाही. लेकीकडून जाडजूड होऊन येते, मग खा, एवढं सांगून ती सुटते. परतीचा भोपळा हे अद्भुत आहे खरं, पण ते नंतरचं. खरी करामत त्या पहिल्या वायद्यात आहे: भुकेल्या जनावराला ती सावकारासारखी व्याजाची लालूच दाखवते. ही गोष्ट आज जुन्नरात सांगायची तर वाघाच्या जागी बिबट्याच येईल. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणं झाली, पाणी आलं, ऊस आला, आणि उसात बिबट्या राहू लागला. माणिकडोहला बिबट निवारण केंद्र उघडावं लागलं. लेकीच्या गावाला उसाच्या कडेने पायी जाणारी म्हातारी या तालुक्यात कल्पनेतली नाही. आंबेगावचं तर काय सांगावं, ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते मूळ गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. अशा मुलखाला अद्भुताचं वावडं असायचं कारण नाही.

आता याच जिभेची काळी बाजू. गावात एकटी राहणारी, बहुधा विधवा, वय झालेली बाई. बांधावरून कुणाशी तिचं वाजतं, ती तळतळाट देते. चार दिवसांनी त्या घरची गाय आटते किंवा पोर आजारी पडतं. मग ते बोलणं आठवलं जातं, आणि म्हातारी भुताळी ठरते. हे आजीच्या गोष्टीतलं नाही, कायद्याच्या पुस्तकातलं आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि वर्ष संपता संपता महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत जे गुन्हे सांगितले आहेत, त्यांत एखादी व्यक्ती करणी करते किंवा मंत्रतंत्राने जनावराचं दूध आटवते असं ठरवून तिचं जगणं मुश्कील करणं हाही एक आहे. एकविसाव्या शतकातल्या कायद्याला गाईच्या आटलेल्या दुधाची दखल घ्यावी लागते, यावरून त्या भीतीचं मूळ कुठवर गेलं आहे ते कळतं. कहाणीतली म्हातारी खुलभर दुधाने गाभारा भरते, गल्लीतली म्हातारी शेजाऱ्याच्या गाईचं दूध आटवते. दोन्हीकडे दूध आहे, दोन्हीकडे म्हातारी आहे, आणि दोन्हीकडे ती काय बोलली यावर सगळं अवलंबून आहे. दूधदुभतं हा बाईच्या हातातला व्यवहार. त्या व्यवहारावर वय झालेल्या बाईचा अधिकार चालतो, आणि तोच अधिकार कधी पूजला जातो, कधी ठेचला जातो.

तिसरी म्हातारीही दूध घेऊनच येते. तमाशातल्या गौळणीत गवळणी दूध, दही, लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात आणि त्यांच्या पुढे असते मावशी. कृष्ण पेंद्याला आणि सवंगड्यांना घेऊन वाट अडवतो, दाण मागतो. तिथून पुढे मावशीचं राज्य. देव समोर उभा आहे आणि ही बाई त्याला वय विचारते, घराणं विचारते, चोरीचे जुने हिशेब काढते, गवळणींना आवरते आणि प्रेक्षकांशीही बोलून घेते. अद्भुतकथेची जी मूळ मागणी असते, माणसाने अमानुषाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा, ती मावशी दर रात्री पुरी करते. गणात गणपतीला वंदन होऊन काही मिनिटंही झालेली नसतात आणि कृष्ण म्हातारीच्या तोंडाला लागतो. ही हिंमत आपल्या छापील वाङ्मयात सहसा सापडत नाही. आणि या परंपरेचं माहेर इथून हाकेच्या अंतरावर आहे. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी आपापल्या जत्रांची सुपारी द्यायला येतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथला, तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर इथल्या.

पण मावशी कोण असते? पुरुष. तोही स्त्रीरूपात विरघळून गेलेला नव्हे. डोक्यावरून पदर घेतला, आवाज जरा चढवला, की झाली मावशी. पुरुष दिसत राहावा हीच त्यातली गंमत. हीच मावशी पुढे शहरी रंगभूमीवर आली. आचार्य अत्र्यांनी ‘चार्लीज आंट’ या इंग्रजी प्रहसनावरून ‘मोरूची मावशी’ लिहिलं; तिथेही मावशी म्हणजे साडीतला पुरुष. बालरंगभूमीवर रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मध्ये चिंची चेटकीण आली. मराठीतली खरोखर विनोदी, खरोखर जादूवाली म्हातारी शोधायला निघालं तर पहिलं नाव तिचंच घ्यावं लागेल. ती दिलीप प्रभावळकरांनी केली आणि २०१८ मध्ये नाटक नव्याने आलं तेव्हा वैभव मांगल्यांनी. दोघांची कामं उत्तम, त्याबद्दल वाद नाही. माझा मुद्दा कामाच्या दर्जाचा नाही. लोकनाट्य, प्रहसन, बालनाट्य अशा तीन निरनिराळ्या घरांत हसवणारी वयस्क बाई जन्मली आणि तिन्ही घरांनी ती पुरुषाच्या हाती दिली. तीनदा तेच घडलं की त्याला योगायोग म्हणता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, मराठी रंगभूमीवर स्त्रीपार्ट करायची रीतच होती, बालगंधर्वांचं काय? त्याचं उत्तर त्या रीतीच्या शेवटाकडे पाहिलं की मिळतं. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आणलं, त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. तमाशात तर संगमनेरजवळच्या हिवरगावच्या पवळाबाईंसारख्या कलावंत त्याच्याही आधी उभ्या राहिल्या होत्या. नायिका, गवळण, राणी, प्रेयसी या जागा पुरुषांनी एकेक करून सोडल्या. मावशीची जागा सोडली नाही. तरुण स्त्री नाचायला आणि गायला चालली, म्हातारी बोलायला मात्र पुरुषच लागला. रीत एकच असती तर ती सगळीकडे सारखीच संपली असती.

आणखी एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो सात्त्विक असल्याने जास्त अडचणीचा आहे. आपल्याकडे म्हातारीची टिंगल करत नाहीत, तिला देवी मानतात, असं म्हटलं जातं. खरं आहे. याच जुन्नर तालुक्यातल्या नाणेघाटात सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ख्रिस्तपूर्व काळातला लेख आहे. त्यात यज्ञांची यादी आहे, दान दिलेल्या गाई-घोड्यांचे आणि कार्षापणांचे आकडे आहेत, महिनामहिनाभराच्या उपासांचा उल्लेख आहे. मुलांच्या वतीने राज्य सांभाळणाऱ्या बाईचा अधिकार त्या गुहेच्या भिंतीवर कोरलेला आहे. हसायला तिथे जागा नाही आणि ती अपेक्षाही नाही. शिवनेरीवर शिवाई आहे. डोंगरपट्ट्यात महादेव कोळ्यांची वरसूबाई आहे. श्रावणात घरोघर जिवतीचा कागद लागतो. त्यातल्या जरा-जिवंतिकेपैकी जरा ही महाभारतातली राक्षसी, जरासंधाची दोन शकलं जोडणारी. जिची भीती वाटावी ती मांडीवर लेकरं घेऊन भिंतीवर येते आणि मुलांची राखण करते. ही वाटचाल फार सुंदर आहे. पण देवी झाल्यावर ती बोलत नाही. तिच्या वतीने देवऋषी बोलतो, पुजारी बोलतो, किंवा एखाद्या बाईच्या अंगात येऊन ती बोलते. अंगात आलेली बाई सासऱ्याला, दिराला, पाटलालासुद्धा वाटेल ते सुनावू शकते, कारण ते बोलणं तिचं धरलं जात नाही. म्हणजे वय झालेल्या बाईला मोकळं बोलायला आपण दोनच परवाने ठेवले: तिच्या अंगात देवी तरी यावी, नाहीतर तिच्या लुगड्यात पुरुष तरी असावा. शुद्धीवर असलेल्या बाईने स्वतःच्या तोंडाने बोललं तर ती भांडखोर, आणि गाय आटली तर भुताळी.

प्रॅचेटकडे वळायचं ते याच ठिकाणी, कारण शुद्धीवर राहून स्वतःच्या तोंडाने बोलण्याचा तिसरा परवाना त्याने दिला. त्याची ग्रॅनी वेदरवॅक्स लँकर नावाच्या एका चिमुकल्या डोंगराळ राज्यात राहते. तिची कामं पाहिली तर आपल्याकडच्या सुईणीची आणि झाडपाला जाणणाऱ्या आजीची आहेत: बाळंतपणं करणं, जनावरं बरी करणं, मेलेल्याजवळ रात्र काढणं, भांडणं मिटवणं. जादू तिला येते, पण ती वापरायला तिला आवडत नाही. माणसाच्या डोक्यात काय चाललं आहे ते ओळखायचं आणि तिथेच काम करायचं, ही तिची पद्धत. टोकदार टोपी घातली की लोक घाबरतात, मग मंत्र कशाला, असा तिचा सरळ हिशेब. तिचं मन पशुपक्ष्यांच्या मनात शिरतं तेव्हा देह निपचित पडून राहतो. लोकांनी घाई करून पुरून टाकू नये म्हणून ती आपण जिवंत असल्याची पाटी हातात धरून झोपते. तिची मैत्रीण नॅनी ऑग अगदी उलट: गोतावळ्यात रमणारी, पिणारी, चावट गाणी म्हणणारी. १९८८ च्या ‘वीअर्ड सिस्टर्स’ या कादंबरीत त्याने शेक्सपिअरच्या मॅक्बेथमधल्या तीन चेटकिणी घेतल्या आणि नाटकवालेच चेटकिणींबद्दल कसं खोटं पसरवतात यावर कथा रचली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की या कादंबऱ्यांत विनोद म्हातारीच्या शक्तीतून निघतो. ती दुबळी आहे म्हणून कुणी हसत नाही. तिला जे दिसतं ते इतरांना दिसत नाही, आणि ते ती लपवत नाही, म्हणून हसू येतं. हे तंत्र आयात करायची आपल्याला गरज नाही. ग्रॅनीला अहुप्याच्या डोंगरात आणून बसवलं आणि तिच्या हाती हिरडा दिला तर ते नक्कल ठरेल, आणि फसेल. आपल्याकडे मावशी आहे. तिला फक्त गौळणीच्या पुढे न्यायचं आहे.

विवेकवादी मित्रांची हरकत इथे अपेक्षित आहे, आणि तिची टर उडवता येणार नाही. ज्या राज्यात भुताळी ठरवून बायकांना मारहाण होते, तिथे जादू येणाऱ्या म्हातारीच्या गोष्टी लिहायच्या म्हणजे आगीत तेल नाही का? गोष्ट भयाची असेल तर हरकत बरोबर आहे. पण अंधश्रद्धा गांभीर्यावर जगते. देवऋषी स्वतःवर हसत नाही, भक्तालाही हसू देत नाही. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव चमत्कारांची प्रात्यक्षिकं केली, ती नुसत्या युक्तिवादाने पोचली नाहीत. नारळातून करणी काढून दाखवायची आणि मग ती कशी काढली ते सांगायचं, यात प्रेक्षक आधी दचकतो आणि मग स्वतःच्या दचकण्यावर हसतो. चांगली विनोदी अद्भुतकथा हेच करते, फक्त उलट्या क्रमाने: जादू खरी आहे असं मानून चालते, आणि लोक म्हातारीला का भितात ते उघडं पाडते. गाय आटली ती चाऱ्याने की शापाने, हे गोष्टीतल्या म्हातारीला पक्कं माहीत असतं. गावाला माहीत नसतं. हा फरक लिहिता आला तर वाचक म्हातारीच्या बाजूने हसतो. लिहिता आला नाही तर हरकत खरी ठरते, आणि मग तसली गोष्ट न लिहिलेलीच बरी.

राहिला प्रश्न चावटपणाचा. माझ्या मते पुरुष मावशीच्या जागेवर टिकून राहण्याचं खरं कारण तिथे आहे. मावशीचे निम्मे विनोद द्वयर्थी असतात. तेच वाक्य साठीच्या बाईने म्हटलं तर सभेत कुजबूज होईल. साडीतल्या पुरुषाने म्हटलं की ते सोंग ठरतं आणि सगळ्यांना हसायला मोकळीक मिळते. पण बायकांच्या बायकांत, मंगळागौरीच्या जागरणात, लग्नघरात, जात्यावर, हा चावटपणा म्हाताऱ्यांचाच असतो, आणि तो पुरुषांनी लिहिलेल्या संवादांपेक्षा पुष्कळ तिखट असतो, हे लोकसाहित्य गोळा करणाऱ्या सर्वांना माहीत आहे. त्यातलं फार थोडं छापून आलं. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ या चित्रपटाला बायकांनी झुंडीने गर्दी केली. त्यात मंगळागौर होती, वाढतं वय होतं, भांडणं होती. जादू नव्हती, आणि चावटपणाही बेताचाच. तरी प्रेक्षक आहे की नाही, या शंकेला एवढं उत्तर पुरे.

विठाबाईंचं उदाहरण घेऊन थांबतो. १९३५ चा जन्म, २००२ मध्ये निधन, राष्ट्रपतींकडून गौरव, नावाजलेला फड. उत्तरायुष्यात त्यांना पैशांची चणचण सोसावी लागली, हे सर्वश्रुत आहे. आता त्यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देतं. त्या हलाखीची आर्थिक कारणं अनेक आहेत, ती इथे मांडत नाही. एक कलात्मक कारण मात्र या व्याख्यानाच्या कक्षेत येतं. नाचाचं वय संपलेल्या, प्रेक्षक हातात ठेवायला आयुष्यभर शिकलेल्या, देवादिकांशी आणि पुढाऱ्यांशी सारख्याच तोऱ्यात बोलू शकणाऱ्या बाईसाठी फडाकडे तयार सोंग एकच होतं, मावशीचं, आणि ते रिकामं नव्हतं. नारायणगावच्या राहुट्यांत आजही वय झालेल्या कलावंत बायका आहेत. त्यांच्यापैकी एखादीने पदर खोचून कृष्णासमोर उभं राहायचं ठरवलं तर गौळणीची संहिता बदलावी लागेल, कारण आजची वाक्यं साडीतल्या पुरुषाच्या तोंडासाठी बेतलेली आहेत. कुठली वाक्यं जातील, कुठली राहतील आणि देवाला विचारायचे कुठले प्रश्न नव्याने लिहावे लागतील, हे त्या बाईनेच ठरवायचं आहे. लेखकाने तिच्याशेजारी वही घेऊन बसावं.